चुंबकाकडून मेंदूकडे

(रेडिओवरील भाषणाचा संपादित भाग)

8 ऑक्टोबर 2024 च्या दुपारी माझा फोन सारखा वाजत होता. भौतिकशास्त्राचं नोबेल पारितोषिक जाहीर झालं होतं आणि जुने विद्यार्थी एकच प्रश्न विचारत होते, ‘सर, हे फिजिक्स आहे का?’ त्यांचा प्रश्न गैर नव्हता. पारितोषिक मिळालं होतं जॉन हॉपफील्ड आणि जेफ्री हिंटन या दोघांना, आणि तेही कृत्रिम न्यूरॉनच्या जाळ्यांसाठी, म्हणजे यंत्राला शिकवण्याच्या विद्येचा पाया घातला म्हणून. हिंटन तर मुळात मानसशास्त्र आणि संगणकाच्या वाटेने आलेले. हॉपफील्ड मात्र अस्सल भौतिकशास्त्रज्ञ. आज त्यांच्याच वाटचालीविषयी बोलायचं आहे, कारण ती समजली की मघाच्या प्रश्नाचं उत्तर आपोआप सापडायला लागतं. शिवाय या प्रश्नाशी माझं स्वतःचं एक जुनं देणं आहे. ते ओघात येईलच.

हॉपफील्ड यांचा जन्म 1933 चा, शिकागोमधला. वडील भौतिकशास्त्रज्ञ, आईसुद्धा भौतिकशास्त्रज्ञ. आईचं नाव हेलन. उपग्रहाकडून येणारे रेडिओसंदेश वातावरणातून येताना किंचित रेंगाळतात. ते किती रेंगाळतात याचा हिशेब मांडण्यासाठी हेलनबाईंनी 1969 मध्ये जे सूत्र दिलं, त्यालाही सर्वेक्षणाच्या शास्त्रात ‘हॉपफील्ड मॉडेल’ म्हणतात. तेव्हा विज्ञानात हॉपफील्ड मॉडेल दोन आहेत, एक आईचं आणि एक मुलाचं.

मुलगा शिकला घनपदार्थांचं भौतिकशास्त्र. 1958 मध्ये कॉर्नेल विद्यापीठातून डॉक्टरेट घेतली. स्फटिकात शिरलेला प्रकाश आणि स्फटिकातली कंपनं यांची जी सरमिसळ होते, तिला ‘पोलॅरिटॉन’ हे नाव त्यांनी दिलं आणि आजही तेच चालतं. पुढे बेल प्रयोगशाळा, बर्कली, मग 1964 पासून प्रिन्स्टन. पस्तिशी उलटली तेव्हा त्यांच्या विषयातला मोठा पुरस्कारही हाती होता. आपल्याकडे अशा माणसाविषयी ‘आता पेन्शनपर्यंत काळजी नाही’ असं म्हणतात. हॉपफील्ड यांना नेमकी याच काळात अस्वस्थता जाणवू लागली. घनपदार्थांच्या शास्त्रात आपल्या पिंडाला साजेसा प्रश्न आता उरला नाही असं त्यांना वाटू लागलं, आणि हे त्यांनी पुढे मोकळेपणाने लिहूनही ठेवलं आहे. बेल प्रयोगशाळेत रॉबर्ट शुलमन नावाचे शास्त्रज्ञ हिमोग्लोबिनवर प्रयोग करत होते. त्यांच्या संगतीने हॉपफील्ड जीवशास्त्राच्या अंगणात आले.

तिथे त्यांना पहिला मोठा प्रश्न सापडला तो चुकांचा. पेशी प्रथिनं बनवते ती एकापुढे एक अमिनो आम्ल ओवून. योग्य मणी आणि त्याच्यासारखा दिसणारा चुकीचा मणी यांच्यात फरक असतो अगदी थोडा. नुसत्या त्या फरकाच्या जोरावर निवड करायची तर साधारण शंभरात एक चूक व्हायला हवी. प्रत्यक्षात चूक होते दहा हजारांत एखादी. हे कसं? हॉपफील्ड यांचं 1974 मधलं उत्तर असं, की पेशी तोच मणी दोनदा पारखते आणि दोन तपासण्यांच्या मध्ये ऊर्जा खर्च करून परतीची वाट बंद करते. शंभरात एक, त्यातून पुन्हा शंभरात एक, म्हणजे दहा हजारांत एक. या कल्पनेला त्यांनी नावच दिलं ‘प्रूफरीडिंग’. वर्तमानपत्राच्या कचेरीत ज्यांनी दिवस काढले आहेत त्यांना हे वेगळं समजावून सांगायला नको. दुसरं वाचन फुकट होत नाही, त्याला वेळ आणि पगार लागतो, आणि म्हणूनच अंक शुद्ध निघतो.

मला वाटतं, इथेच हॉपफील्ड यांची रीत दिसते. प्रयोगशाळेत नळ्या हलवणं हे त्यांचं काम नव्हतं. शेकडो तपशिलांच्या गर्दीत उभं राहून ‘यातला नेमका प्रश्न काय?’ एवढंच ते विचारत. तो प्रश्न मिळाला की गणित सहसा दोन-चार पानांत आटपायचं.

सत्तरच्या दशकाच्या अखेरीस फ्रान्सिस श्मिट या वजनदार जीवशास्त्रज्ञांनी त्यांना मेंदूविज्ञानाच्या एका बैठकीत बोलायला बोलावलं. तिथे मेंदूचे डॉक्टर होते, माकडांवर प्रयोग करणारे होते, पेशींची रसायनं तपासणारे होते. हॉपफील्ड यांना त्यातलं फारसं कळलं नाही, पण एक गोष्ट लक्षात आली. प्रत्येकजण आपापला तुकडा नीट सांगत होता, आणि या पेशींच्या गर्दीतून मन कसं उभं राहतं, हा प्रश्न हातात घ्यायला कोणीच तयार नव्हतं. त्यांना हाच प्रश्न सर्वांत खोल वाटला.

आता थोडं मूळ विषयाकडे वळू. विविध भारतीवर गाणं सुरू होण्याआधी संगीताचे दोन-चार सूर वाजतात आणि शब्द यायच्या आत आपण म्हणतो, ‘अरे, हे तर ते!’ फाटलेल्या फोटोत अर्धा चेहरा दिसला तरी आत्याला ओळखतो. तुकड्यावरून अख्खं आठवणं हा आपल्या स्मृतीचा स्वभाव आहे. संगणकाची साधी स्मृती अशी चालत नाही. तिला घर नंबर लागतो, अमुक खणातलं काढ असं सांगावं लागतं. खण चुकला की भलतंच हाती येतं. आपली स्मृती गावातल्या जुन्या पोस्टमनसारखी. पाकिटावर ‘शिंपीआळी, उंच काका’ एवढंच लिहिलं असलं तरी पत्र पोचतं.

आपल्या मेंदूत सुमारे 8600 कोटी चेतापेशी, म्हणजे न्यूरॉन, आहेत. एकेका पेशीला काही फार समजत नाही. शेजाऱ्यांकडून येणारे संदेश ती गोळा करते, बेरीज ठरावीक मर्यादेपुढे गेली तर स्वतः संदेश सोडते, नाहीतर गप्प बसते. मग ‘आत्या’ राहते कुठे?

हॉपफील्ड यांना इथे चुंबक आठवला. लोखंडाच्या चुंबकातला प्रत्येक अणू हाही एक छोटा चुंबक असतो. ढोबळमानाने त्याचं तोंड वर किंवा खाली. तो शेजाऱ्यांकडे बघून आपलं तोंड ठरवतो. एकट्या अणूत चुंबकपणा असा काहीच नाही, तो साऱ्यांच्या एकमतातून येतो. सत्तरच्या दशकात भौतिकशास्त्रज्ञ एका विचित्र जातीच्या चुंबकावर डोकं खपवत होते. त्याला ‘स्पिन ग्लास’ म्हणतात. त्यात काही शेजारी म्हणतात ‘माझ्यासारखा हो’, काही म्हणतात ‘माझ्या उलट हो’. सगळ्यांचं समाधान करणं अशक्य. त्यामुळे त्याला एकच शांत स्थिती नसते, शांत होण्याच्या असंख्य जागा असतात. हॉपफील्ड यांनी विचार केला की अशी प्रत्येक शांत जागा म्हणजे एक आठवण असली तर?

महाबळेश्वरच्या माथ्यावरचा पाऊस डोळ्यांसमोर आणा. एक थेंब थोडा पूर्वेला पडला तर कृष्णेतून बंगालच्या उपसागराकडे निघतो, थोडा पश्चिमेला पडला तर सावित्रीतून अरबी समुद्राला मिळतो. थेंबाला नकाशा ठाऊक नसतो. त्याला फक्त उतार कळतो. हॉपफील्ड यांच्या जाळ्यात प्रत्येक आठवण म्हणजे एक दरी. अर्धामुर्धा चेहरा म्हणजे डोंगरउतारावर कुठेतरी पडलेला थेंब. तिथून जाळं एकेक पाऊल खाली उतरत जवळच्या दरीत येऊन थांबतं, आणि तिथे पूर्ण चेहरा उभा असतो.

या दऱ्या कोरायच्या कशा? त्याची युक्ती कॅनडाचे मानसशास्त्रज्ञ डोनाल्ड हेब यांनी 1949 मध्येच सुचवली होती. ज्या पेशी एकत्र जाग्या होतात त्यांच्यातला दुवा घट्ट होतो. हॉपफील्ड यांनी तेच आकड्यांत मांडलं. शिकवायच्या चित्रात दोन पेशी सारख्या असतील तर त्यांच्यातल्या दुव्यात अधिक एक, वेगळ्या असतील तर उणे एक. दुसरं चित्र आलं की त्याची बेरीज त्याच दुव्यांवर. म्हणजे एकाच जाळ्यात अनेक आठवणी एकमेकींवर पसरलेल्या असतात. कुठल्याही एका खणात आत्या नाही, आत्या सगळ्या दुव्यांत मिळून आहे. म्हणूनच चार पेशी बिघडल्या तरी आठवण पुसली जात नाही, थोडी धूसर होते एवढंच.

आता कळीचा मुद्दा. जाळं कधीतरी थांबेलच याची हमी काय? ते गोल गोल फिरत राहिलं तर? हॉपफील्ड यांनी एक अट घातली: ‘क’चं वजन ‘ख’वर जेवढं, तेवढंच ‘ख’चं ‘क’वर. ही अट पाळली आणि पेशी एकेक करून आपली स्थिती ठरवू लागल्या, की साऱ्या जाळ्याला चुंबकासारखी एक ‘ऊर्जा’ मोजता येते. कुठलीही पेशी बदलली तरी ती ऊर्जा खालीच जाते, कधी वर चढत नाही. दऱ्यांना तळ असतो, म्हणून थेंब कुठेतरी थांबणारच. सिद्धता इतकी छोटी की आमच्या बी.एस्सी.च्या मुलालाही एका फळ्यात दाखवता येते. एक लेख, फक्त पाच पानांचा, 1982 साली अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान अकादमीच्या नियतकालिकात आला. त्यासाठी संगणकावर जी जाळी चालवली, त्यातलं एक होतं अवघ्या तीस पेशींचं. तीस पेशींमधले दुवे किती? 435. आजच्या बोलक्या संगणकांमध्ये असे दुवे अब्जावधींनी मोजतात.

खरं सांगायचं तर या स्वयंपाकातला एकही जिन्नस नवा नव्हता. जपानचे शुनिची अमारी यांनी 1972 मध्ये, विल्यम लिटल यांनी 1974 मध्ये याच्या फार जवळचं लिहिलं होतं. श्रेय कोणाचं यावर आजही कुरबुरी ऐकू येतात आणि अमारींच्या बाजूने बोलणाऱ्यांचं म्हणणं मला पोकळ वाटत नाही. पण ‘ऊर्जा’ हा शब्द वापरून हॉपफील्ड यांनी दार असं उघडलं, की स्पिन ग्लासवर काम करणारे सगळे भौतिकशास्त्रज्ञ आपली अवजारं घेऊन आत आले. 1985 मध्ये इस्रायलच्या आमित, गुटफ्रॉइंड आणि सोम्पोलिन्स्की यांनी या जाळ्याची क्षमता नेमकी काढली. पेशी शंभर तर आठवणी साधारण चौदा. त्याहून जास्त कोंबल्या तर एखादी जुनी आठवण जाते असं नाही, सगळंच एकदम कोसळतं. त्याच वर्षी हिंटन, सेनोव्स्की आणि ॲकली यांनी या जाळ्यात उष्णतेची थरथर घालून ‘बोल्ट्झमन मशीन’ची कल्पना मांडली. यातले टेरी सेनोव्स्की हे हॉपफील्ड यांचेच विद्यार्थी, तेही भौतिकशास्त्रातून मेंदूकडे गेलेले.

जाळ्याचा एक दोष मला फार आवडतो. शिकवलेल्या आठवणींच्या दऱ्यांमध्ये न शिकवलेल्या काही खोट्या दऱ्याही आपोआप तयार होतात. दोन-तीन आठवणींची भेसळ होते आणि जाळं खुशाल तिथे जाऊन बसतं. आपणही मावशीच्या लग्नातला प्रसंग काकाच्या लग्नात घडल्याचं शपथेवर सांगतोच की! 1983 मध्ये हॉपफील्ड आणि सहकाऱ्यांनी दाखवलं, की जाळं कुठूनही सोडून द्यावं, ते जिथे थांबेल ती दरी थोडीशी बुजवावी, असं पुष्कळदा केलं तर खोट्या आठवणी कमी होतात. त्याच सुमारास फ्रान्सिस क्रिक आणि ग्रॅम मिचिसन यांनी स्वप्नं हीच सफाई करत असावीत असा तर्क मांडला. तो तर्क सिद्ध झालेला नाही, पण प्रश्न सुंदर आहे.

आता माझं देणं. ऐंशीच्या दशकात मी एका तालुक्याच्या गावी कॉलेजात शिकवत होतो. आमचा एक हुशार विद्यार्थी एम.एस्सी.ला शहरात गेला होता. सुटीत तो मुंबईच्या एका ग्रंथालयातून याच पाच पानांची झेरॉक्स घेऊन माझ्याकडे आला. डोळ्यांत चमक होती. ‘सर, मला यात काम करायचंय.’ मी ती पानं चाळली, चुंबकाचं समीकरण ओळखलं आणि म्हटलं, ‘छान आहे, पण हे फिजिक्स नाही. उद्या जागा निघेल तेव्हा मुलाखतीत विषय विचारतील. तू धड इथला राहणार नाहीस, धड तिथला.’ व्यवहार म्हणून माझं बोलणं खोटं नव्हतं. जाहिरातीत ‘संबंधित विषयातील पदवी’ असं लिहिलेलं असायचं आणि तेवढ्यावर चांगल्या मुलांचे अर्ज बाजूला पडताना मी पाहिले होते. पण त्याने विचारला होता विज्ञानाचा प्रश्न आणि मी उत्तर दिलं नोकरीचं. तो बँकेच्या परीक्षेला बसला आणि पुढे अधिकारी झाला. 8 ऑक्टोबरच्या त्या फोनांमध्ये त्याचाही होता. त्याने मला काहीच विचारलं नाही. ‘ती झेरॉक्स अजून आहे सर माझ्याकडे, पुसट झालीय,’ एवढंच म्हणाला.

तिकडेही वाट सरळ होती असं समजू नका. 1980 मध्ये हॉपफील्ड प्रिन्स्टन सोडून कॅलटेकला गेले ते भौतिकशास्त्र विभागात नव्हे, तर रसायन आणि जीवशास्त्र अशा जोडपदावर. तिथे रिचर्ड फाइनमन आणि कार्व्हर मीड यांच्याबरोबर त्यांनी गणनेच्या भौतिकशास्त्रावर एक अभ्यासक्रम चालवला. 1986 मध्ये तिथे गणन आणि चेतासंस्था यांचा स्वतंत्र डॉक्टरेट कार्यक्रम सुरू झाला, त्यामागेही ते होते. फरक इथे आहे. नुसता एक माणूस कुंपणावरून उडी मारून गेला नाही, मागून येणाऱ्या मुलांसाठी फाटक बसवलं गेलं.

त्यांचं सगळंच टिकलं असंही नाही. 1985 मध्ये डेव्हिड टँक यांच्याबरोबर त्यांनी दाखवलं, की फिरत्या विक्रेत्याने सगळी गावं कमीत कमी अंतरात कशी फिरावीत हे कोडं असं जाळं चटकन सोडवतं. त्याचा फार गाजावाजा झाला. 1988 मध्ये विल्सन आणि पॉली यांनी तेच करून पाहिलं तर त्यांना तशी उत्तरं मिळेनात. ती वाट पुढे बरीचशी ओस पडली. आणि मेंदूचे अभ्यासक पहिल्यापासून म्हणत होते, की दोन पेशींचं एकमेकींवरचं वजन सारखं, ही अट खऱ्या मेंदूत मुळीच पाळली जात नाही. ते बरोबरच होतं. हॉपफील्ड यांनाही ते माहीत होतं. 1984 च्या दुसऱ्या लेखात त्यांनी पेशीचं ‘चालू-बंद’ काढून तिला कमी-जास्त होणारी केली. गाडी थोडी खऱ्याकडे सरकली, पण ती अट राहिलीच.

मग या जाळ्याने मेंदूविषयी खरं काही सांगितलं का? माझ्या मते सांगितलं, पण वेगळ्या जागी. ‘थेंब दरीत जाऊन थांबतो’ ही कल्पना प्रयोग करणाऱ्यांच्या हाती एक चष्मा म्हणून आली. टँक स्वतः पुढे प्रयोगाकडे वळले. डोळा एका जागी स्थिर धरून ठेवताना गोल्डफिशच्या मेंदूतल्या पेशी ‘आत्ता डोळा कुठे आहे’ हे कसं लक्षात ठेवतात, यावर त्यांच्या गटाने काम केलं. आणि 2015 मध्ये योहानेस सीलिग आणि विवेक जयरामन यांनी फळमाशीच्या मेंदूत जे पाहिलं ते ऐकून मी खुर्चीतून उठलो होतो. माशीच्या मेंदूत पेशींची एक गोल बांगडी आहे. माशी ज्या दिशेला तोंड करते त्यानुसार बांगडीवर उजळलेला एकच ठिपका फिरतो. अंधार केला तरी तो ठिपका विझत नाही, माशी चालत वळली की तोही वळतो. सिद्धांत करणाऱ्यांनी कागदावर अशी गोल दरी कित्येक वर्षं आधी काढून ठेवली होती. चित्रातलं वर्तुळ माशीच्या डोक्यात खरोखरच वर्तुळ म्हणून निघालं.

हॉपफील्ड 1997 मध्ये प्रिन्स्टनला परतले ते रेणवीय जीवशास्त्र विभागात. तिथे त्यांनी आणि कार्लोस ब्रॉडी यांनी 2000 साली एक मिश्कील उद्योग केला. ‘मुस सिलिसियम’, म्हणजे सिलिकॉनचा उंदीर, असा एक काल्पनिक प्राणी रचला. तो इंग्रजीतला ‘वन’ हा शब्द बोललेला ओळखायचा. त्याच्या पेशींवरचे ‘प्रयोग’ छापून त्यांनी वाचकांनाच आव्हान दिलं: एवढी माहिती पुरेशी आहे, आता हा कसा ओळखतो ते तुम्ही सांगा. बक्षीसही ठेवलं. सगळं समोर असूनही शोधता येतं का, हे त्यांना पाहायचं होतं. नुसती माहिती साठवून समज येत नाही, हे इतक्या खेळकरपणे दुसऱ्या कोणी सांगितल्याचं मला आठवत नाही.

2022 सालचं बोल्ट्झमन पदक हॉपफील्ड यांना मिळालं ते आपल्या दीपक धर यांच्याबरोबर. धर यांची हयात मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत गेली, आणि पदक जाहीर झालं तेव्हा ते पुण्याच्या आयसरमध्ये होते. हे पदक मिळवणारे ते पहिले भारतीय. एकाने वाळूच्या ढिगांचं गणित केलं, दुसऱ्याने आठवणींचं, आणि पदक दोघांनाही सांख्यिकी भौतिकीसाठी.

नोबेल जाहीर झालं तेव्हा हॉपफील्ड 91 वर्षांचे होते. तेव्हा बोलताना आनंदाबरोबर त्यांनी काळजीही सांगितली. ज्याच्यावर आपला ताबा नाही आणि ज्याच्या मर्यादा आपल्याला नीट कळलेल्या नाहीत, अशी गोष्ट पाहून भौतिकशास्त्रज्ञ म्हणून त्यांना धास्ती वाटत होती. त्यांच्या तीस पेशींच्या जाळ्यात थेंब कुठल्या दरीत का गेला हे कागद-पेन्सिलीने दाखवता येत होतं. अब्जावधी दुव्यांच्या आजच्या यंत्रांत ते दाखवता येत नाही.

माझा तो विद्यार्थी आता निवृत्त झाला आहे. गेल्या दिवाळीत तो घरी आला, लॅपटॉप उघडून तीस पेशींचं जाळं स्वतः लिहून चालवलेलं दाखवलं. मराठी अक्षरं शिकवली होती त्याला. अर्धा पुसलेला ‘क’ दिला की पूर्ण ‘क’ व्हायचा. ‘फ’ दिला की मात्र तेही ‘क’च म्हणायचं. दोघांचं बरंच साम्य आहे ना! आम्ही रात्री साडेअकरापर्यंत त्या ‘फ’च्या मागे लागलो होतो.